दिवस पुसला जातो तेव्हा

टाइम लूपच्या गोष्टी एवढ्या का आवडतात असं विचारलं की उत्तर तयार असतं: माणसाला दुसरी संधी हवी असते. तोंडून गेलेला शब्द मागं घेता यावा, हुकलेली गाडी गाठता यावी, नको तिथं केलेली सही पुसता यावी. तोच दिवस पुन्हा मिळाला तर आपण तो नीट जगू, ही इच्छा सगळ्यांच्याच मनात असते आणि या कथा ती पुरवतात. हे उत्तर इतक्यांदा दिलं गेलंय की ते कुणी तपासूनही बघत नाही. मला ते उथळ वाटतं. या प्रकारातल्या ज्या कलाकृती खरोखर मनात घर करतात त्यांच्याशी ते जुळत नाही, आणि ज्यांच्याशी जुळतं त्या बहुधा पुन्हा बघाव्याशा वाटत नाहीत.

माझं म्हणणं असं: टाइम लूपची ओढ ही जग पुरतं कळावं याची ओढ आहे. रोजच्या जगण्यात प्रत्येक गोष्ट आपल्याला एकदाच, एकाच बाजूनं आणि घाईत दिसते. लूपमध्ये तोच तास, तीच गल्ली, तीच माणसं हव्या त्या बाजूनं आणि हव्या तितक्या वेळा बघता येतात. पण या कळण्याची किंमत जबर असते. जे कळलं ते दुसऱ्या कुणालाच आठवत नाही आणि जे केलं ते टिकत नाही. ओढ आणि किंमत एकाच व्यवस्थेतून निघतात, म्हणून एक घेऊन दुसरी टाळता येत नाही. पुढच्या मांडणीत काही कथांचे शेवट उघड होतील. ते झाकून हा मुद्दा मांडता येणार नाही.

१. दुसरी संधी तर आधीपासूनच होती

सुरुवात व्हिडिओ गेमपासून करू, कारण 'दुसरी संधी' हा सिद्धांत सगळ्यात आधी तिथंच कोसळतो. जवळजवळ प्रत्येक गेम दुसरी संधी देतो. खड्ड्यात पडलात, पुन्हा सुरू करा. चुकीचा माणूस मारलात, आधीचं सेव्ह उघडा. खेळणाऱ्याला ही सोय एवढी अंगवळणी पडलेली असते की तिचं त्याला अप्रूपही वाटत नाही. लूपचं आकर्षण दुसऱ्या संधीत असतं, तर लूपवर बेतलेले गेम कुणी बनवलेच नसते. साधं सेव्हचं बटण पुरलं असतं.

उलट हे गेम ती सोय काढून घेतात. निन्टेंडोचा 2000 सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा: माजोराज मास्क' घ्या. आकाशातून चंद्र खाली येतोय आणि तो तीन दिवसांनी शहरावर आदळणार आहे. त्याआधी नायकानं ओकारिना वाजवून पहिल्या दिवसाच्या पहाटेला परतायचं. मूळ आवृत्तीत खेळ कायमचा सेव्ह करायचा तर या परतण्याला पर्याय नव्हता. परतल्यावर खिशातले पैसे, बाण, बॉम्ब सगळं जातं. मुखवटे आणि मोजक्या महत्त्वाच्या वस्तू राहतात, बँकेत ठेवलेले पैसे राहतात. आणि ज्या ज्या माणसाला मदत केली, तो पुन्हा त्याच अडचणीत उभा असतो. 'हवं तेवढं जिंकलेलं राखा, नको तेवढं पुसा' हा दुसऱ्या संधीचा सौदा इथं मिळत नाही. केलेलं सगळंच पुसलं जातं, चांगलंसुद्धा. तरीही लोक हा गेम आज पंचवीस वर्षांनंतरही आवडीनं खेळतात. त्याचं कारण दुसरीकडं शोधायला हवं.

२. आठवण उरते, कर्म पुसलं जातं

'त्यात नवीन काय, आपल्याकडं कालचक्र आहे, पुनर्जन्म आहे', असं आपल्याकडं लगेच म्हटलं जातं. हे साम्य वरवरचं आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेत केलेलं कर्म पुढं येतं आणि आठवण मागं राहते. मागच्या जन्मी काय केलं ते ठाऊक नाही, पण त्याचं फळ मात्र भोगावं लागतं. लूपमध्ये नेमकं उलटं होतं: आठवण पुढं येते आणि कर्म मागं राहतं. काल कुणाला दुखावलं, कुणाला वाचवलं हे लख्ख आठवतं. जगात मात्र त्याचा मागमूस नसतो. एकीकडं हिशेब शिल्लक आणि वही हरवलेली, दुसरीकडं वही हातात आणि हिशेब कोरा.

नीत्शेच्या शाश्वत पुनरावृत्तीच्या कल्पनेचीही हीच गत. 1882 मध्ये त्यानं मांडलेला प्रश्न असा होता की हेच आयुष्य, यातल्या बारीकसारीक तपशिलांसकट, अनंत वेळा जगावं लागेल असं कुणी सांगितलं तर तुम्ही हादराल की आनंदानं हो म्हणाल? त्यातही आठवण नाही. प्रत्येक फेरी पहिलीच असते, म्हणून प्रत्येक कृतीचं वजन अनंतपटीनं वाढतं. लूपकथेत आठवण असते, आणि म्हणूनच कृतीचं वजन शून्यावर येतं.

आता कृतीला वजन नाही आणि आठवणीवर मर्यादा नाही, अशा अवस्थेत माणूस काय साठवू शकेल? पैसा नाही, नाव नाही, नातं नाही. फक्त माहिती. लूप हा असा प्रयोग आहे की ज्यात कळण्याखेरीज बाकी सगळी मिळकत बाद केलेली असते. एरवी आपण शिकतो ते बहुतेक वेळा कशासाठी तरी. इथं तो 'कशासाठी' काढून टाकला तरी जाणून घेण्याची भूक शिल्लक राहते का, हे बघायचं असतं. ती राहते, असं या कथा दाखवतात. माझ्या मते त्यांचं पहिलं सुख हेच.

३. लहान जग, पुरतं बघितलेलं

हे सुख सर्वात शुद्ध रूपात 'आउटर वाइल्ड्स' या 2019 च्या गेममध्ये मिळतं. छोटीशी सूर्यमाला, एक मोडकळीला आलेलं यान, आणि दर बावीस मिनिटांनी फुटणारा सूर्य. फुटला की तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. खेळभर तुम्हाला नवं शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही. पहिल्या फेरीत जी साधनं हाताशी होती तीच शेवटच्या फेरीत असतात. वाढतं ते फक्त तुमचं आकलन. काय करायचं हे आधीच ठाऊक असतं, तर पहिल्याच फेरीत खेळ संपवता आला असता.

त्यातला एक तपशील जवळून बघण्यासारखा आहे. 'डार्क ब्रॅम्बल' नावाच्या धुक्यानं भरलेल्या जागेत अजस्र मासे आहेत. तिथं गेलेला खेळाडू हमखास गिळला जातो. वेग वाढवला तरी, वळणं घेतली तरी. मग कधीतरी, अगदी वेगळ्या ग्रहावरच्या एका गुहेत त्याला त्याच जातीच्या माशाचा सांगाडा सापडतो. नामशेष झालेल्या जमातीची मुलं त्या सांगाड्यात खेळत असत आणि त्यांच्या खेळाचे नियम भिंतीवर लिहिलेले आहेत. डोळे बांधून मासा होणाऱ्या मुलावर राज्य. त्यावरून खेळाडूच्या लक्षात येतं की मासे आंधळे आहेत आणि ते आवाजावर येतात! पुढच्या फेरीत तो इंजिन बंद करतो आणि नुसत्या गतीनं, श्वास रोखून, त्यांच्या जबड्यांसमोरून तरंगत जातो. बदललं काय? यान तेच, मासे तेच. एका जुन्या पोरखेळाचा अर्थ तेवढा कळला. ज्यांनी हा क्षण अनुभवलाय त्यांना 'चूक सुधारण्याची संधी' हे वर्णन किती तोकडं आहे ते सांगावं लागणार नाही.

कळण्यासाठी जग लहान हवं, ही यातली अट आहे. 'माजोराज मास्क'चं चक्र आधी आठवड्याचं ठरलं होतं; ते फार लांबलचक वाटू लागलं म्हणून तीन दिवसांवर आणलं गेलं. आधीच्या झेल्डा गेमनंतर फार कमी अवधीत हा नवा गेम करायचा होता, त्यामुळे जुनीच पात्रांची घडण पुन्हा वापरली गेली. या तंगीतून शहर लहान राहिलं, पण खोल झालं. तिथल्या प्रत्येकाला स्वतःचं वेळापत्रक आहे. खेळाडूला एक वही मिळते, तिच्यात कोण कधी कुठं असतं ते नोंदलं जातं. त्या शहरात एक पोस्टमन आहे. चंद्र डोक्यावर येतोय, लोक पळून जातायत, आणि हा आपल्या खोलीत तळमळत पडलाय. पळायची इच्छा आहे, पण पळणं त्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं नाही. एक विशिष्ट पत्र योग्य वेळी त्याच्या हाती दिलं, तर ते ज्यांना पोचतं त्या बाई त्याला पळून जायचा हुकूम देतात आणि तो सुटतो. कर्तव्याला इतका चिकटलेला माणूस हुकमानंच सुटू शकतो, हे खेळाडूला त्याच्या मागं मागं फिरल्याशिवाय कळत नाही. रस्त्यानं एकदा जाताना तो नुसता पळत जाणारा पोस्टमन असतो.

४. कळणं आणि कह्यात घेणं

इथपर्यंत हे सारं गोड वाटेल. पण एका माणसाला दुसऱ्याबद्दल सगळं ठाऊक, आणि दुसऱ्याला पहिल्याचं नावही ठाऊक नाही, ही अवस्था धोक्याची आहे. या प्रकाराचा नैतिक गाभा मला इथं दिसतो.

हॅरॉल्ड रेमिसच्या 'ग्राउंडहॉग डे' (1993) या चित्रपटाबद्दल बोलताना लोक बहुधा शेवटचा सज्जन फिल सांगतात. मधला भाग जास्त महत्त्वाचा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात 2 फेब्रुवारीला अडकलेला हा हवामान-निवेदक आपली सहकारी रीटा हिच्याबद्दल माहिती गोळा करत जातो. ती काय पिते, कशाला दाद देते, कॉलेजात काय शिकली. प्रत्येक फेरीत एक चूक गाळायची आणि संध्याकाळ जराशी पुढं न्यायची. 'दुसरी संधी' म्हणतात ती हीच, तिच्या सर्वात कार्यक्षम रूपात. आणि तिचं फळ काय? थोबाडीत. पुन्हा थोबाडीत. पुन्हा. रीटाला लूपची कल्पना नसते, तरीही काहीतरी खोटं आहे हे तिला दर वेळी जाणवतं. तिच्या आवडीनिवडींची यादी म्हणजे ती नव्हे, हे तिच्या हाताला त्याच्या डोक्याआधी कळलेलं असतं.

माहितीनं माणूस बदलत नाही, हे उस्पेन्स्कीनं 1915 मध्येच दाखवून ठेवलंय. त्याच्या कादंबरीतला इव्हान ओसोकिन एका जादूगाराला गळ घालतो की मला मागं पाठव, सगळं आठवत राहील अशा रीतीनं, म्हणजे मी चुका टाळीन. जादूगार त्याला पाठवतो. ओसोकिन एकेक चूक ओळखतो, पुढं काय होणार ते त्याला ठाऊक असतं, आणि तो ती करतोच. आठवण ही नुसती नोंद असते. माणूस आतून हलला तरच ती कामाला येते. दुसऱ्या संधीच्या कल्पनेला याहून कडक उत्तर माझ्या वाचनात नाही.

५. जप्त झालेलं फळ

मग लूपमधल्या माणसानं चांगलं वागावं तरी कशाला? उद्या सकाळी सहाला घड्याळ वाजणार आणि सगळं पूर्ववत होणार. फिल गावातल्या एका बेघर म्हाताऱ्याला गरम सूप पाजतो, रस्त्यावर त्याची छाती दाबून श्वास परत आणायचा प्रयत्न करतो. म्हातारा मरतो. पुढच्या फेरीतही मरतो. इथं कितीही कळलं तरी उपयोग नाही; त्या म्हाताऱ्याचा दिवस भरलेला आहे. याच अपयशानंतरचा फिल आपल्याला गावभर फिरताना दिसतो. झाडावरून पडणाऱ्या पोराला झेलतो, गाडी पंक्चर झालेल्या बायकांचं चाक बदलतो. पोरगं आभार मानत नाही आणि उद्या पुन्हा पडणारच असतं.

इथं गीतेतल्या निष्काम कर्माची आठवण होणं स्वाभाविक आहे, पण फरक सोडून चालणार नाही. निष्काम कर्मात माणूस फळाची आस स्वतः सोडतो; फळ जगात राहतं, कुणाच्या तरी वाट्याला येतं. लूपमध्ये फळच जप्त होतं, कुणालाच मिळत नाही. पोराचा पाय वाचला हे उद्या खरं उरत नाही. तरीही ते करावंसं वाटणं, हा परिणामावर बेतलेल्या नीतीला मिळालेला अवघड धक्का आहे. झेलल्याचा तो एक क्षण खरा होता, एवढंच या कृतीचं समर्थन. मला ते पुरेसं वाटतं.

पण या जप्तीचं दुःख हलकं करणाऱ्या कथा मला अप्रामाणिक वाटतात. केन ग्रिमवुडची 'रीप्ले' (1986) ही कादंबरी ते हलकं करत नाही. तिच्यात त्रेचाळिसाव्या वर्षी मेलेला जेफ अठराव्या वर्षात जागा होतो. पुढचं सगळं ठाऊक, त्यामुळे पैजा लावून श्रीमंत होतो, लग्न करतो, त्याला मुलगी होते. मग तो पुन्हा मरतो आणि पुन्हा तरुणपणात जागा होतो. त्या मुलीचं काय? ती मेलेली नाही. ती कधी झालीच नव्हती. तिच्यासाठी रडायला दुसरं कुणी नाही, तिचा फोटो नाही, नाव घ्यावं तर ऐकणाऱ्याला अर्थ लागणार नाही. संधी दुसरी असो की तिसरी, तिच्या पोटात हे असतं. पहिली चूक पुसताना त्या चुकीनंतर उगवलेलं सगळं पुसलं जातं.

लूप का लागला हे सांगावं की नाही, यावर थोडक्यात. हॉलिवूडचा फिल कारणाविना अडकतो. आपल्या 'भूल चूक माफ' (2025) मधला बनारसचा रंजन हळदीच्या दिवशी अडकतो, कारण सरकारी नोकरी मिळाली तर सत्कर्म करीन असा नवस त्यानं शंकराला बोललेला असतो आणि नोकरी मिळवलेली असते लाच देऊन. सुटकेसाठी ती नोकरी सोडावी लागते. नवस फेडण्याशी लूपची सांगड घालणं ही चांगली कल्पना आहे, पण तिनं लूप म्हणजे शिक्षा होते. शिक्षेत माणूस सुटकेची वाट शोधतो, आजूबाजूला बघत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप असा की या कथा म्हणजे घाण्याला जुंपलेल्या आधुनिक माणसाचं रूपक आहेत: तीच लोकल, तेच ऑफिस, तोच डबा. करोनाच्या वर्षी आलेला 'पाम स्प्रिंग्स' लोकांना आपला वाटला तो याचमुळे, असंही म्हटलं गेलं. मला हे पटत नाही. घाण्यात दिवस सारखे दिसतात, पण एकही परत येत नाही. वय वाढतं, हप्ते कापले जातात, आईवडील थकतात. टाळेबंदीतही रोज सकाळ कालच्यासारखी होती आणि रोज माणसं मरत होती. लूपच्या नेमकं उलट: तिथं काहीच पुसलं जात नव्हतं. घाण्याचं दुःख हे की वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. लूपचं दुःख हे की वेळ जातच नाही आणि कितीही हाती लागलं तरी ते कुणाला देता येत नाही.

दुसरा आक्षेप थराराच्या बाजूचा. 'एज ऑफ टुमॉरो' (2014) सारख्या युद्धपटात सरळ जिंकण्याची मजा आहे, मरा आणि शिका. तिथं कसलं आलंय कळण्याचं तत्त्वज्ञान? मजा आहेच. पण त्या चित्रपटातला लक्षात राहणारा प्रसंग लढाईतला नाही. सैनिक केज आणि त्याच्याबरोबर लढणारी रीटा (नाव तेच, बाई वेगळी) एका ओसाड शेतघरात थांबलेले असतात. तो तिला कॉफी करून देतो आणि तिला साखर किती लागते हे न विचारता घालतो. तेवढ्यावरून तिच्या ध्यानात येतं की आपण इथं आधी येऊन गेलोय, पुष्कळदा. इथून पुढं ती जगेल अशी वाट त्याला सापडलेली नाही, म्हणून तो इथंच रेंगाळतोय. फिलनं रीटाचं पेय लक्षात ठेवलं ते तिला जिंकायला. केजच्या हातून साखर पडते ती सवयीनं. त्याच जातीची माहिती, पण एक डाव आहे आणि एक सहवास. फरक बघणाऱ्याला तत्काळ जाणवतो, आणि तो जाणवणं यातच या प्रकाराची ताकद आहे.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर, आणि तो मी अर्धा मान्य करतो. लूपकथेत एकालाच जाणीव असते, बाकीचे सगळे चावीची खेळणी होतात. ही कल्पनाच अहंकारी आहे: जग माझ्या शिक्षणासाठी थांबलंय. खरं आहे, आणि असंख्य दुबळ्या कथा याच खड्ड्यात पडतात. पण प्रकाराला हा दोष ठाऊक आहे असं त्याच्या वाटचालीवरून दिसतं. 2019 च्या 'रशियन डॉल' मालिकेत नादियाला कळतं की ॲलन नावाचा अनोळखी माणूसही तिच्याबरोबर मरून उठतोय, आणि कथा खरी तिथून सुरू होते. 2021 च्या तमिळ 'मानाडू'मध्ये दुसरा आठवणारा माणूस चक्क शत्रू आहे. मग नायकाच्या ज्ञानाची मक्तेदारी संपते आणि त्याला पहिल्यांदा खरा विचार करावा लागतो.

डॅनिश लेखिका सोल्वाय बॅले यांनी हा दोष सर्वात प्रामाणिकपणे हाताळलाय. बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्या वर्षीच्या लघुयादीत बॅले यांच्या 'ऑन द कॅल्क्युलेशन ऑफ व्हॉल्यूम'चा पहिला खंडही होता. जुन्या पुस्तकांचा व्यापार करणारी तारा सेल्टर 18 नोव्हेंबरला अडकते. आधी ती रोज सकाळी नवऱ्याला सगळं समजावून सांगते, तो विश्वास ठेवतो, आणि रात्रीतून विसरतो. मग ती सांगायचं सोडते. त्याच घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत लपून ती त्याचे आवाज ऐकत राहते: जिना, नळ, दार. त्याचा दिवस तिला संपूर्ण पाठ आहे आणि ती त्यात कुठंच नाही. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात येते. दिवस पूर्ववत होतो, पण तिनं खाल्लेलं परत येत नाही. दुकानातली फडताळं तिच्यामुळं रिकामी होत जातात. बाकीच्यांच्या एका दिवसाच्या जगातून ती आपली वर्षं काढतेय, आणि हे ओरबाडणं तिला छळतं. जग माझ्यासाठी थांबलंय या अहंकाराला एका रिकाम्या फडताळानं दिलेलं हे उत्तर मला फार मोठं वाटतं.

तरी अर्धा आक्षेप उरतोच. या सगळ्या कथा आठवणाऱ्याच्या बाजूनं सांगितलेल्या आहेत. विसरणाऱ्याची बाजू अजून जवळजवळ कोरी आहे. 'एज ऑफ टुमॉरो'मधली रीटा त्या जागेच्या सर्वात जवळ येते, कारण ती स्वतः एकदा लूपमधून गेलेली आहे, तिनंही एका माणसाला पुन्हा पुन्हा मरताना बघितलंय, आणि आता ती शक्ती गेल्यावर ती विसरणाऱ्यांच्या रांगेत उभी आहे. समोर एक परका सैनिक येतो आणि वागतो असा की जणू वर्षानुवर्षांची ओळख. आपल्याबद्दल त्याला काय काय ठाऊक आहे? आपण त्याला काय सांगून बसलोय, कुठल्या कमकुवत घडीला? त्यातलं किती त्यानं जपलं आणि किती वापरलं? हे तपासायचा कोणताही मार्ग तिच्याकडं नाही, आणि पुढच्या काही मिनिटांत तिला त्याच्या भरवशावर रणांगणात उतरायचंय. चित्रपट हे दोन-चार संवादांत उरकतो. त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील, मराठीतही राहील, आणि ती सांगायला हवी ज्याला कालचं काहीच आठवत नाही अशा माणसाच्या तोंडून.